सही करायच्या आधी टेबलाशी बसा: अमेरिकेतल्या मराठी फूटबॉल-पालकांना खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी,
आणि ज्यांच्या घरातला मुलगा शुक्रवारी रात्री हेल्मेट आणि शोल्डर पॅड चढवून मैदानात उतरतो असे सगळे आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. मुलांचे विषय, क्रेडिट, ट्रान्सक्रिप्ट, कॉलेजचे अर्ज हे माझं रोजचं काम. या भागात हायस्कूलचं फूटबॉल काय चीज आहे हे भारतातून नव्यानं आलेल्यांना सांगून पटत नाही. जवळच्या ॲलनमध्ये २०१२ साली एका हायस्कूलसाठी सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं. मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अख्ख्या पेठांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे खेळाच्या वेडाला मी बिचकत नाही. (तो फूटबॉल पायानं खेळायचा. इथे विषय अमेरिकन फूटबॉलचा.)

माझ्या ऑफिसात आता देशी आडनावांची मुलंही कॉलेजच्या ऑफर, म्हणजे त्यांच्या संघात खेळायचं बोलावणं, घेऊन येतात, आणि त्यांत अधूनमधून आपलीही असतात. बहुतेक किकर, म्हणजे फक्त चेंडू लाथेनं मारायला मैदानात येणारे. लहानपणापासून सॉकर खेळलेला, पायात ताकद असलेला मुलगा नववीत कुठल्या तरी कोचच्या नजरेत भरतो आणि मग उन्हाळे किकिंग कॅम्पमध्ये जाऊ लागतात. क्वचित एखादा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडका घेणारा गडी, निघतो, सहा फूट चार इंच, आणि तो नेमका कुणावर गेला यावर पुण्यातल्या दोन्ही आज्यांचं एकमत होत नाही. ही मुलं आभाळातून पडलेली नाहीत. वडील भारतीय असलेला ब्रँडन चिल्लर यूसीएलए या विद्यापीठाकडून खेळून २००४ साली एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि पुढे ग्रीन बे पॅकर्सकडून लाइनबॅकर म्हणून खेळला. पण आपल्याकडे अशा घरांची संख्या इतकी कमी आहे की विचारायला शेजारी कुणी नसतं.

या मुलांकडे बघायच्या दोन तऱ्हा मला दिसतात. एक म्हणजे, ‘हे खूळ बारावीपर्यंत, मग गुमान इंजिनिअरिंग.’ दुसरी म्हणजे, ऑफरची बातमी आली की व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा पाऊस आणि दिवाळीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ. दोन्ही घरांत पुढे घडतं ते मात्र सारखंच. सतरा वर्षांचा मुलगा कागदांसमोर एकटा बसतो. पहिल्या घरात आई-बाबांना त्यात पडायचंच नसतं, दुसऱ्या घरात ‘कोचना कळतं सगळं’ असं ठरलेलं असतं. सीईटीच्या एका गुणानं कुठली ब्रँच हुकते हे तोंडपाठ असलेली, गृहकर्जाच्या पाव टक्क्यासाठी चार बँकांचे उंबरे झिजवणारी आपण माणसं. ती चिकित्सा नेमकी इथेच का गळून पडते?

त्या टेबलाशी हेड कोच असतो, पोझिशन कोच (मुलाच्या जागेपुरता प्रशिक्षक) असतो, हल्ली व्यावसायिक संघांसारखा जनरल मॅनेजरही असतो, आणि कधी एजंट असतो. मुलाच्या सहीतून त्या प्रत्येकाला काही ना काही मिळणार असतं. काही मिळणार नाही असे तिथे फक्त तुम्ही. म्हणून हे पत्र.

आधी ‘ऑफर’ या प्रकाराबद्दल. नियमाप्रमाणे कॉलेजचे कोच मुलाला अकरावीच्या १ सप्टेंबरपासून थेट मेसेज करू शकतात. प्रत्यक्षात हायस्कूलच्या कोचमार्फत निरोप त्याच्या कितीतरी आधी पोचलेले असतात. मुलगा लगेच विद्यापीठाच्या लोगोसह पोस्ट टाकतो, नातेवाईक हृदयं पाठवतात. पण ही सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्याच जागेसाठी तोच शब्द त्या कोचनं आणखी सात जणांना दिलेला असू शकतो. पहिला जो हो म्हणेल त्याची जागा, बाकीच्यांना ‘आम्ही संपर्कात राहू’.

मुलानं ‘कमिट’ होणंही तेवढंच तोंडी. देशात पहिल्या क्रमांकाचा गणला गेलेला ट्रॅव्हिस हंटर २०२१च्या डिसेंबरात ऐन सहीच्या दिवशी फ्लोरिडा स्टेटला सोडून जॅक्सन स्टेटला गेला. मिशिगनमधल्याच बेलव्हिलचा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ब्राइस अंडरवूड एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) शब्द देऊन बसला होता, तो नोव्हेंबर २०२४मध्ये मिशिगनकडे वळला. मुलानं कोचला सोडलं की त्याची राष्ट्रीय बातमी होते. कोचनं मुलाला सोडलं की ती बातमी फक्त माझ्या ऑफिसात पोचते, बहुधा नोव्हेंबरात, जेव्हा इतर विद्यापीठांच्या जागा भरत आलेल्या असतात आणि नेहमीच्या प्रवेशअर्जांच्या काही मुदतीही उलटलेल्या असतात.

त्यामुळे ऑफर आली की कोचला स्वतः फोन करा आणि एकच विचारा, ‘माझ्या मुलानं आज हो म्हटलं तर तुम्ही आज त्याला घेता का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ते एका शब्दात येतं. ‘जूनमध्ये आमच्या कॅम्पला या, मग बोलू’ हा नकार नाही, पण ती ऑफरही नाही. असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल म्हणून आपली माणसं कचरतात. समोरच्या माणसाचा सगळा दिवस असल्याच फोनांत जातो, त्याला काही वाटत नाही.

आता कागद. १९६४पासून चालत आलेलं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे मुलाला विद्यापीठाशी बांधणारं पत्र, ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झालं. आता डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी मुलं सही करतात ती आर्थिक मदतीच्या करारावर, आणि मोठ्या प्रोग्राममध्ये त्याच्या जोडीला पैशांच्या वेगळ्या करारावर. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली आणि १ जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा फूटबॉलचा. बातम्यांत एवढंच आलं. आपल्या मुलांना लागू होणारं कलम दुसरंच आहे. वरच्या श्रेणीत पूर्वी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या सगळ्या पूर्ण असत. त्याशिवाय स्वखर्चानं येणारे वॉक-ऑन कितीही ठेवता येत. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत आता शिष्यवृत्त्यांवर मर्यादा नाही, पण संघात माणसं १०५च. आणि शिष्यवृत्ती अर्धी, पाव, कशीही तोडून देता येते.

किकरच्या घरांनी हे दोनदा वाचावं. ‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणून, म्हणजे जागा नक्की पण पैसे नाहीत अशा बोलीवर, सगळ्यात जास्त घेतले जात ते किकर आणि पंटर. १०५चा आकडा पाळायला कात्री लागते ती याच रांगेला. तेव्हा ‘स्कॉलरशिप आहे’ एवढ्यावर पेढे वाटू नका. किती टक्के, किती वर्षांसाठी, आणि १०५ जणांत याचं नाव कागदावर आहे का, हे विचारा. २०१२पासून एकाहून अधिक वर्षांची शिष्यवृत्ती देता येते. तरीही करार एका वर्षाचा असेल तर तो तसा का आहे याचं कारण मागा.

पैशांच्या आकड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्यातल्या बहुतेकांपर्यंत ते पोचणार नाहीत. तरी जेडन रशाडाचं प्रकरण माहीत असू द्या. कॅलिफोर्नियाच्या या क्वार्टरबॅकला फ्लोरिडा विद्यापीठाच्या समर्थकांच्या गटाकडून १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार मिळाला होता. तो करार मोडला, डिसेंबर २०२२मध्ये त्यानं फ्लोरिडासाठी सही केली, जानेवारीत तिथून सुटका मागून तो ॲरिझोना स्टेटला गेला, आणि २०२४ साली त्यानं फ्लोरिडाच्या प्रशिक्षकासह इतरांवर खटला भरला. आता बाहेरच्या कंपनीशी किंवा समर्थकाशी झालेला ६०० डॉलरचा किंवा त्याहून मोठा करार तपासणीला पाठवावा लागतो आणि तो नामंजूरही होऊ शकतो. म्हणजे तुम्हाला सांगितलेल्या आकड्यातला किती भाग विद्यापीठ स्वतः देणार आणि किती ‘बाहेरून’ येणार, हे वेगवेगळं लिहून घ्या. हे उत्पन्न स्वयंरोजगाराचं धरलं जातं, कर कापून हातात येत नाही. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, कॅलिफोर्नियात चांगलाच आहे. एजंट नेमणार असाल तर हेही लक्षात ठेवा की एनएफएलच्या खेळाडू संघटनेनं तिथल्या करारांवर एजंटची दलाली जास्तीत जास्त ३ टक्क्यांवर बांधून ठेवली आहे. कॉलेजच्या पातळीवर देशभर लागू असलेलं असं कुंपण नाही.

आता भेटीबद्दल. अकरावीच्या १ एप्रिलपासून मुलाला ‘ऑफिशियल व्हिजिट’ला जाता येतं, खर्च विद्यापीठाचा. ही भेट म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. मुलाच्या नावाची जर्सी लॉकरमध्ये टांगलेली असते, स्टेक असतो, अंधारात मोठ्या पडद्यावर त्याचंच नाव झळकतं. ते सगळं बघा, फोटो काढा, आणि मग कार्पेट एरिया विचारा. म्हणजे पोझिशन मीटिंगची खोली, ट्रेनरची खोली, अभ्यासाच्या मदतीचं केंद्र. मुलाला रात्री घेऊन फिरणारा खेळाडू कोच निवडतात. तुम्ही कॅफेटेरियात एकट्यानं जेवणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या राखीव खेळाडूशेजारी जाऊन बसा. तो सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात नसतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा प्रश्न पुढचा. ज्या माणसावर विश्वास ठेवून मुलगा जातो आहे तो माणूस तिथे राहणार आहे का?

३० नोव्हेंबर २०२५ रोजी हेड कोच लेन किफिननं ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूची नोकरी घेतली. ओल मिसचा संघ ११-१ (अकरा विजय, एक हार) होता आणि राष्ट्रीय प्लेऑफ समोर होता. मुलांच्या सह्या तीन दिवसांवर होत्या. ज्या एलएसयूत तो गेला तिथली जागा रिकामी झाली होती ती ब्रायन केलीला हंगामाच्या मध्यात काढल्यामुळे, आणि हाच केली २०२१मध्ये नोत्र दामला असाच नोव्हेंबरच्या अखेरीस सोडून आला होता. पेन स्टेटनं ऑक्टोबर २०२५मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं, तो नोव्हेंबरात व्हर्जिनिया टेकला लागला, आणि पेन स्टेटला शब्द दिलेली अनेक मुलं त्याच्या मागोमाग गेली. डिसेंबरात सह्यांच्या पहिल्या दिवशी पेन स्टेटसारख्या घराण्यानं घेतलेल्या सह्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कोचना काढताना त्यांचं काही वाईट होत नाही. २०२३ साली टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशरला घरी पाठवताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं मान्य केलं. मुलाच्या करारात असं कलम आहे का ते शोधून बघा.

मी कोचना लबाड म्हणत नाही. ‘मी इथेच आहे’ असं सांगताना त्यातले बरेच जण मनापासून सांगत असतात, आणि पुढच्या महिन्यात मनापासूनच जातात. व्यवसायच तसा आहे. म्हणून निवड करताना हेड कोचचं नाव पुसून टाका, पोझिशन कोचचंही, आणि उरलेल्या विद्यापीठाकडे बघा. तिथली पदवी, तिथलं गाव, घरापासूनचं अंतर, खोलीतले मित्र. नवा कोच येईल तो स्वतःची मुलं घेऊन येईल. तुमच्या मुलाचा करार नव्या माणसालाही बांधील आहे की ‘प्रशिक्षक बदलल्यास पुनर्विचार’ असं कलम कुठे दडलं आहे, ते वकिलाकडून तपासून घ्या. थोडे पैसे लागतील. एका किकिंग कॅम्पच्या फीइतके.

‘नाहीच जमलं तर पोर्टल आहे की’ असं आता मुलंच मला ऐकवतात. २०१८मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, बदली सोपी झाली हे खरं, आणि २०२४पासून अभ्यासात पात्र असलेल्यानं कितीही वेळा संघ बदलला तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. पण दार दोन्हीकडे उघडतं. त्याच पोर्टलातून तुमच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या जागेवर तेवीस वर्षांचा, दाढी आलेला, चाळीस सामने खेळलेला माणूस येतो. कोचची नोकरी या हंगामावर ठरत असेल तर तो कुणाला उभा करेल? म्हणून प्रत्येक प्रोग्रामला विचारा की गेल्या दोन वर्षांत माझ्या मुलाच्या पोझिशनवर हायस्कूलमधून किती घेतले, पोर्टलातून किती, आणि हायस्कूलमधून घेतलेल्यांपैकी आज किती शिल्लक आहेत. रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. गेल्या तीन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले तर कोचच्या बोलण्याआधीच बरंचसं उत्तर मिळतं.

आर्च मॅनिंगचं उदाहरण हमखास दिलं जातं. जॉर्जिया आणि अलाबामाला नकार देऊन तो टेक्सासला गेला, दोन हंगाम क्विन युअर्सच्या मागे बसला, पोर्टलकडे फिरकला नाही, आणि २०२५मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला. छान. पण त्याचे दोन काका एनएफएलचे क्वार्टरबॅक होते आणि आजोबाही. त्या घराला थांबणं परवडतं आणि थांबायचं कधी हेही कळतं. त्याचा संयम आपल्या मुलाच्या माथी मारू नका.

पदवीचा मुद्दा आपल्या लोकांना सांगायला नको असं वाटतं, पण नेमका इथेच गोंधळ होतो. ‘युनिव्हर्सिटी चांगली आहे ना, मग झालं’ म्हणून आपण सुटतो. विद्यापीठात कम्प्युटर सायन्स असणं आणि फूटबॉल खेळणाऱ्या मुलाला ते घेता येणं या दोन गोष्टी आहेत. हंगामात खेळासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा नियमात आहे. एनसीएएच्या स्वतःच्या सर्वेक्षणांत मात्र वरच्या श्रेणीतले फूटबॉलपटू ४०च्या आसपास तास सांगत आले आहेत. नॉर्थवेस्टर्नसारख्या नामांकित विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर यानं २०१४मध्ये साक्षीत सांगितलं होतं की सरावाच्या वेळेमुळे त्याला मेडिकलसाठी लागणारा केमिस्ट्रीचा तास हवा तेव्हा घेता आला नाही. उलट बाजूला मायरन रोल. हायस्कूलमधून निघताना देशातल्या पहिल्या दर्जाच्या खेळाडूंत त्याचं नाव होतं. फ्लोरिडा स्टेटला गेला, अडीच वर्षांत पदवी घेतली, आणि नोव्हेंबर २००८मध्ये सकाळी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत देऊन, ती जिंकून, विमानानं मेरिलंडला येऊन त्याच रात्रीच्या सामन्यात उतरला. आज तो न्यूरोसर्जन आहे. मुलं दोन्ही हुशार. फरक पडतो तो कोचनं वेळापत्रक वाकवलं की नाही याचा.

आणखी एक नियम फारसा कुणी सांगत नाही. डिव्हिजन वन या कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात खेळत राहायचं तर दुसरं वर्ष संपताना निवडलेल्या पदवीचा ४० टक्के भाग, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८० टक्के पूर्ण लागतो. आता कल्पना करा, मुलानं इंजिनिअरिंग घेतलं आहे, दीड वर्षानं संघ बदलला, आणि नव्या विद्यापीठानं निम्मी क्रेडिट त्या पदवीला धरली नाहीत. खेळायची पात्रता टिकवायची तर ज्यात ती क्रेडिट बसतात अशी दुसरी कुठली तरी पदवी घ्यावी लागते. घसरण अशी होते, एका दिवसात नाही. त्यामुळे भेटीच्या वेळी शैक्षणिक सल्लागाराला विचारा, ‘तुमच्या संघातले आत्ता किती जण इंजिनिअरिंगमध्ये आहेत? दुपारच्या लॅबचं काय करतात?’ नावं नकोत, आकडा पुरे.

हायस्कूलच्या बाजूचं थोडक्यात, कारण ते माझ्या टेबलावरचं आहे. डिव्हिजन वनला पात्र ठरायला १६ कोअर (मूळ शैक्षणिक) विषय लागतात, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत. जानेवारीतच कॉलेजला जायचं म्हणून डिसेंबरात हायस्कूल संपवायचं असेल तर मला दहावीत सांगा. बारावीच्या ऑक्टोबरात आलात तर मी फक्त चहा देऊ शकते.

आयव्ही लीगचं नाव निघालं की आपल्या घरांत डोळे लकाकतात, म्हणून स्पष्टच लिहिते. आयव्हीत खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, फक्त घरच्या उत्पन्नावर ठरणारी मदत. दोघेही आयटीत असलेल्या घराला ती शून्य असू शकते, आणि मग वर्षाचं बिल पूर्ण तुमचं. ‘हाउस’ तडजोडीतूनही ती विद्यापीठं बाहेर राहिली. मात्र कोचचा पाठिंबा प्रवेशाच्या वेळी खरोखर वजनदार असतो, आणि ती पदवी कोच बदलल्यानं बदलत नाही. त्याच्याही पलीकडे डिव्हिजन थ्री आहे, जिथे आपले लोक बघतच नाहीत. एमआयटीचा फूटबॉल संघ आहे. कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स आणि शिकागो विद्यापीठाचाही. (कॉलेजातल्या सर्वोत्तम फूटबॉलपटूचा पहिला हाइझमन करंडक १९३५मध्ये शिकागोच्याच जे बर्वँगरला मिळाला होता.) खेळासाठी पैसे तिथेही नाहीत. पण शनिवारी मैदानात आणि सोमवारी लॅबमध्ये, असं आयुष्य हवं असलेल्या किकरला मी अर्धवट शिष्यवृत्तीच्या मोठ्या नावापेक्षा यांचा फोन आधी उचलायला सांगेन. माझं मत आहे, भांडायला या.

आणि ज्याला एकही ऑफर नाही त्याचं? फायरबॉ या कॅलिफोर्नियातल्या शेतीच्या गावातल्या जॉश ॲलनला हायस्कूलमधून वरच्या श्रेणीची एकही ऑफर नव्हती. तो रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवले, शेवटी वायोमिंगला जागा मिळाली, आणि २०१८मध्ये एनएफएलनं त्याला सातव्या क्रमांकावर उचललं. असे लाखांत एखादे. देशात हायस्कूलचं फूटबॉल दहा लाखांवर मुलं खेळतात, कॉलेजात डिव्हिजन वनपर्यंत शंभरातली जेमतेम तीन पोचतात. ही गोष्ट मुलाला उमेद म्हणून सांगा, योजना म्हणून नको.

आता आपल्यापुरता, कोणताही कोच काढणार नाही असा विषय. व्हिसा.

ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आपल्या कितीतरी घरांत मुलगा एच-४वर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असतो. तो इथेच वाढलेला, बोलतो टेक्ससच्या हेलात, त्यामुळे कोचला शंकाही येत नाही आणि मुलाला सांगावंसंही वाटत नाही. एच-४वरच्या मुलाला शिष्यवृत्ती घेता येते, काम करता येत नाही. जाहिरात, ऑटोग्राफचे पैसे, विद्यापीठाकडून मिळणारा वाटा, यातलं काय ‘काम’ ठरेल हा प्रश्न नाजूक आहे आणि चूक झाली तर ती मुलाच्या स्टेटसवर येते. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे साधारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात, ऐन खेळाच्या भरात. तेव्हा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि कामाचे निर्बंध तिथेही आहेत. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत या मुलांना नाही, आणि राज्यातल्या रहिवाशाची फी लागू होईल का हे राज्याराज्यावर आहे. पाव शिष्यवृत्तीचं गणित त्यानं पूर्ण उलटतं. म्हणून दोन विद्यापीठांची तुलना करताना तिसरा रकाना हा ठेवा: यांच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयानं आधी असा फूटबॉलपटू हाताळला आहे का? आणि विद्यापीठाच्या वकिलावर थांबू नका. तो विद्यापीठाचा असतो. आपला वेगळा घ्या, सहीच्या आधी.

शेवटी आजीचा प्रश्न. ‘डोक्याला लागत नाही ना रे?’ मुलं हसतात. सगळ्या चर्चेतला सगळ्यात शास्त्रीय प्रश्न तोच असतो. बोस्टन विद्यापीठाच्या गटानं २०१७मध्ये तपासलेल्या एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११०मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) आढळला. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, बहुधा त्रास दिसला म्हणूनच, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लागू नाही. पण कॉलेजपर्यंतच खेळलेल्यांच्या मेंदूंतही तो बहुसंख्यांमध्ये सापडला. किकरला धोका कमी, लाइनमनला दर खेळीला टक्कर. प्रोग्राममध्ये फरक असतो तो इथेही. डार्टमथचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१०मध्ये सरावात एकमेकांना आडवं पाडणं बंदच केलं, विद्यार्थ्यांनी बनवलेला चालता-पळता यांत्रिक पुतळा आणला, आणि २०१६मध्ये आयव्हीच्या सगळ्या प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावांपुरता तोच नियम उचलला. संघ जिंकायचा थांबला नाही. तेव्हा विचारा, आठवड्यात पूर्ण टकरीचे सराव किती? मुलगा चक्कर आली म्हणाला तर त्याला बाहेर काढायचा शेवटचा शब्द कुणाचा, डॉक्टरचा की कोचचा? डिव्हिजन वनमध्ये ऑगस्ट २०२४पासून खेळातल्या दुखापतीचा उपचारखर्च संघ सोडल्यावरही किमान दोन वर्षं विद्यापीठानं द्यायचा आहे. खालच्या श्रेणीत काय, ते लिहून घ्या.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनो, आता तुमच्याकडे मागणं. डिसेंबरात सही झालेल्या मुलाला स्टेजवर बोलावून शाल देता, ती द्या. पण त्याआधी, उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता, एका रविवारी मंडळाचा हॉल अशा पालकांसाठी उघडा. आपल्यातच इमिग्रेशनचे वकील आहेत, सीपीए आहेत, ऑर्थोपेडिक सर्जन तर प्रत्येक मंडळात दोन सापडतील. ज्यांची मुलं टेनिस, पोहणं, सॉकरमधून कॉलेजात गेली तेही आहेत, त्यांच्यावरही यातलं निम्मं बेतलेलं असतं. प्रत्येकानं आपल्याकडचे कागद नावं झाकून आणावेत आणि एकमेकांचे वाचावेत. उत्तर टेक्सासात असं कुणी ठरवलं तर कोअर विषयांचा तक्ता आणि प्रश्नांची छापील यादी घेऊन मी येईन. तारीख मात्र शुक्रवारची ठेवू नका, कुणी येणार नाही.

आपली नम्र,
एक हायस्कूल काउन्सेलर
उत्तर टेक्सास